उपासनेला कूळ नसते, घर लागते

छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीचे औरंगाबाद) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरात जी बुद्धलेणी आहेत, त्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्ध पाय खाली सोडून बसलेला आहे आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांचे गट गुडघे टेकून बसले आहेत. हे उपासक जवळजवळ खऱ्या माणसाएवढे कोरले आहेत. कुणाचे हात जोडलेले आहेत, कुणाच्या हातात फुलांच्या माळा आहेत. केशरचना प्रत्येकाची वेगळी, दागिने वेगळे, चेहऱ्याची ठेवणही वेगळी. साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचे हे काम. ही माणसे कोणत्या कुळातली, कोणत्या गावची, घरात कोणती भाषा बोलणारी, यातले काहीच दगडावरून कळत नाही. ती वंदना करत आहेत एवढेच कळते. आज अशोक विजयादशमीला याच डोंगराच्या परिसरात पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसे वंदनेसाठी जमतात. त्या दगडी उपासकांमध्ये आणि या उपासकांमध्ये हजारेक वर्षांचा असा काळ गेला आहे, ज्यात इथे त्रिशरण कुणी म्हटले नाही. रक्ताची साखळी दाखवता येणार नाही, गुरुशिष्यांची अखंड परंपराही दाखवता येणार नाही. तरीही आजच्या माणसांना त्या गाभाऱ्याचे वारस म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. मग उपासनेचा वारसा नेमका कशाने मिळतो? जन्माने, प्रदेशाने, भाषेने की आचरणाने?

हा प्रश्न जगात सर्वांत टोकदारपणे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उभा राहिला आहे. तिथे उपासनाविधी हेच धर्माचे हृदय मानतात. धूप, मेणबत्त्या, पवित्र चित्रांना नमस्कार, तासन्‌तास चालणारे गायन यांतूनच श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे जाते. पण हा विधी शतकानुशतके ग्रीक, रशियन, सर्बियन, अरब अशा एकेका लोकसमूहाच्या अंगाखांद्यावर वाढला, आणि हळूहळू ग्रीक असणे व ऑर्थोडॉक्स असणे यांतली रेघ पुसट झाली. बल्गेरियन लोकांनी वंशाच्या आधारावर स्वतंत्र चर्च मागितले, तेव्हा 1872 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने चर्चची रचना वंशावर उभी करणे हा पाखंड ठरवला. ठराव स्वच्छ होता, व्यवहार मात्र बदलला नाही. स्थलांतरितांबरोबर हे चर्च अमेरिकेत गेले तेव्हा एकाच शहरात ग्रीकांचे वेगळे, रशियनांचे वेगळे, सीरिया-लेबनॉनहून आलेल्यांचे वेगळे अशी चर्चे उभी राहिली. पुढे मूळचे प्रोटेस्टंट असलेले अमेरिकन लोक या परंपरेकडे वळू लागले. 1987 साली तर सुमारे 2000 जणांचा एक गटच अरब वंशीयांच्या अँटिऑक चर्चमध्ये सामील झाला. तेव्हापासून तिथे दोन तक्रारी ऐकू येतात. नव्यांना वाटते, आम्हाला ख्रिस्त हवा होता, तुम्ही आम्हाला ग्रीक व्हायला सांगता. जुन्यांना वाटते, आमच्या आजी-आजोबांनी बोटीतून आणलेले धन हे लोक त्यांची आठवणही न ठेवता उचलून नेतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न उलट्या बाजूने आला, आणि म्हणून तो अधिक बोलका आहे. इथे धर्मांतरित माणसे या मातीतली आणि उपासनाविधी बाहेरून आलेला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले ते भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातले, कुशीनगरला स्थायिक झालेले. आज विहारात ज्या क्रमाने वंदना होते, म्हणजे त्रिशरण, पंचशील, बुद्ध-धम्म-संघ वंदना, शेवटी साधुकार, तो क्रम सिंहल आणि ब्रह्मी थेरवाद परंपरेतून आला. बाबासाहेबांनी त्यात आपली भर घातली. 22 प्रतिज्ञा त्यांनी मराठीत दिल्या, आणि त्या कोणत्याही देशाच्या बौद्ध विधीत नव्हत्या. जुन्या देवधर्माशी आणि जातीशी नाते तोडण्याची शपथ त्यांनी दीक्षेचाच भाग केली. पुढे विहारात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा आली, वंदनेला भीमस्मरण जोडले गेले, भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य तयार केले, लग्नविधी ठरला, आणि वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन वस्तीवस्तीत होऊ लागले. दोन-तीन पिढ्यांत उसन्या विधीचा आपला विधी झाला.

तो आपला झाला हे सगळ्यांना मान्य नव्हते. बाबासाहेबांच्या या ग्रंथावर महाबोधी सोसायटीच्या मासिकात 1959 साली आलेल्या परीक्षणाने तो धोकादायक ठरवला. त्यात सांगितलेला धम्म बुद्धाचा नसून आंबेडकरांचा आहे, असा त्याचा सूर होता. पिढीजात परंपरा असलेल्यांकडून नव्याने आलेल्यांना असे नेहमीच ऐकावे लागते. पण त्याच काळात याच्या अगदी उलट घडल्याचा दाखलाही आहे. लंडनमध्ये जन्मलेले भिक्खू संघरक्षित 6 डिसेंबर 1956 रोजी नागपुरात होते. बाबासाहेबांच्या निर्वाणाची बातमी आली तेव्हा लाखो नवदीक्षितांचा आधारच गेला होता. एका इंग्रज धर्मांतरिताने त्या दिवसांत नागपुरातल्या शोकाकुल लोकांसमोर उभे राहून, दीक्षा वाया जाणार नाही, हे सांगितले. पुढे 1967 साली त्यांनी इंग्लंडमध्ये स्थापलेल्या संघाचे काम त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात सुरू केले, आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने ते महाराष्ट्रभर पसरले. आज या संघाच्या इंग्लंडमधल्या केंद्रात आणि महाराष्ट्रातल्या केंद्रात त्रिरत्न वंदना पालीतच होते. पूजा मात्र तिथे इंग्रजीत आणि इथे मराठीत. म्हणजे एकाच शरणगमनात दोन भाषा, दोन इतिहास आणि दोन पूर्णपणे वेगळी दुःखे एकत्र नांदतात.

हे नवे आहे असेही नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादेत 1950 साली महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या शंकांना उत्तरे देणारा भिक्खू. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथाच्या परंपरेनुसार त्यांच्या संवादाअखेर राजा उपासक झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी लोकांनी, दान दिले आहेत, तसे त्या खांबांवरच लिहिलेले आहे. हे दाते स्वतःला यवन म्हणवतात आणि त्यांतल्या काहींची नावे मात्र पुरती इथली आहेत. नाशिक आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या संघाने परदेशी माणसाचे दान घेताना त्याचे यवनपण पुसायला सांगितले नाही, आणि तेवढ्यासाठी त्याला खांबापासून दूरही ठेवले नाही. मिलिंदाचे नाव मराठवाड्यातल्या गरीब, दलित मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला देताना बाबासाहेबांना हे सगळे माहीत होते. धम्माचा वारस प्रश्न विचारून आत येतो, कूळ सांगून येत नाही, ही त्यांची भूमिका त्या नावात उघड आहे.

यातून माझे प्रतिपादन असे. उपासनेची परंपरा मिळते ती आचरणाने. जो ती मनापासून, नियमाने आणि तिच्या अटी मान्य करून पाळतो, तो तिचा पूर्ण वारस. त्याचे आजोबा कोण होते हा प्रश्न गैरलागू आहे. पण आचरण हवेत होत नाही. वंदना शिकवायला कुणाची तरी आई लागते, पौर्णिमेची आठवण ठेवणारी गल्ली लागते, मृत्यूच्या दिवशी न बोलावता येणारी माणसे लागतात. म्हणून उपासनेला कूळ नसते, पण घर लागते. समाज हा त्या घराचा सांभाळ करणारा आहे. सांभाळणाऱ्याचा मान मोठा आहे. मात्र दार कुणासाठी उघडायचे हे केवळ रक्त पाहून ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ऑर्थोडॉक्स जगात गोंधळ झाला तो सांभाळणारा आणि मालक यांतला फरक पुसल्यामुळे. तोच फरक महाराष्ट्रातही पुसट होत चालला आहे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी सुमारे 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. यांतले बहुसंख्य एकाच पूर्वाश्रमीच्या जातीतले आहेत. परिणाम असा की लग्नाच्या जाहिरातीत ‘बौद्ध’ हा शब्द जातीच्या जागी येतो, आणि सरकारी योजनांच्या मथळ्यात ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा जोडशब्द रूढ झाला आहे. जात मोडायला जो धर्म स्वीकारला, त्याचेच नाव जातीच्या रकान्यात जाऊन बसले.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ज्यांना माणूस म्हणूनच नाकारले गेले, त्यांच्या अस्मितेकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणाला? मराठवाड्याने हा आक्षेप रक्ताने लिहिला आहे. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत विहार हेच सभेचे ठिकाण होते, वंदना हीच एकजुटीची सुरुवात होती आणि ‘जयभीम’ हा अभिवादनाइतकाच निर्धाराचा शब्द होता. अशा समाजाला ‘अस्मिता सोडा आणि विश्वात्मक व्हा’ असा उपदेश करणे अन्याय्य आहे. शिवाय दार बाहेरूनही बंद केले गेले होते. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, आणि केंद्राने त्या बौद्धांना दिल्या त्या 1990 साली. म्हणजे बौद्ध होण्याची किंमत चौतीस वर्षे मोजावी लागली. इतर जातींतले लोक आले नाहीत याचा दोष आधी त्या जातींच्या अहंकाराकडे आणि मग या कायद्याकडे जातो. ज्यांनी विहार बांधले त्यांच्याकडे तो सर्वांत शेवटी येतो.

आक्षेप खरा आहे, तरी तो माझ्या प्रतिपादनाला छेद देत नाही. अन्यायाविरुद्ध उभे राहणारी अस्मिता आणि दुसऱ्याला आत येऊ न देणारी अस्मिता यांत भेद करता येतो, आणि तो भेद खुद्द बाबासाहेबांनी केला. आपल्या लोकांना केवळ मानाचे नवे नाव द्यायचे असते तर 22 प्रतिज्ञांमध्ये नैतिक आचरणाच्या अटी घालण्याचे कारण नव्हते. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसे समान मानीन, या प्रतिज्ञा कोणत्याही जातीचा माणूस घेऊ शकतो आणि जन्माने बौद्ध असलेलाही मोडू शकतो. तसे इतर जातींतले लोक आलेही आहेत. ‘उपरा’कार लक्ष्मण माने यांनी 2006 साली दीक्षा घेतली आणि 2007 साली मुंबईत भटक्या-विमुक्तांसह मोठा दीक्षा सोहळा झाला. बीडच्या हनुमंत उपरे यांनी ओबीसींना धम्माकडे नेण्याची मोहीम उभी केली. दीक्षेचा दिवस एकच असतो. खरी कसोटी त्यानंतरच्या रविवारी सुरू होते. नव्याने आलेल्या कैकाडी, माळी किंवा मातंग कुटुंबाला विहारात वंदना चालवायला सांगितले जाते का, त्यांच्या घरी सोयरीक होते का, यावरच धर्मांतर पुरे झाले की नाही ते ठरते.

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेचा आहे. तो म्हणतो, समाज, प्रतिमा, घोषणा हे सगळे बाजूला ठेवा. साधना तेवढी घ्या, ती सर्वांची आहे. महाराष्ट्रात हे मत सर्वांत प्रभावीपणे इगतपुरीहून आले. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि 1976 साली इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराने जगभरच्या आणि महाराष्ट्रातल्या सर्व थरांतल्या माणसांना ध्यान शिकवले, हे उपकार मोठे आहेत. पण त्यातून निघालेला निष्कर्ष अर्धवट आहे. ते शिबिरही सुरू होते ते त्रिशरण आणि शीलग्रहणाने, तेही पालीत. म्हणजे ज्याला निव्वळ तंत्र म्हटले जाते त्याच्या उंबरठ्यावरही तोच विधी उभा आहे, जो मिलिंदनगर किंवा भीमनगर नावाच्या वस्तीतली आजी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून म्हणते. पश्चिमेतल्या अनेक बौद्धांनीही साधना तेवढी उचलली. ध्यान घेतले, आणि ज्या आशियाई स्थलांतरितांनी विहार बांधून ते जपले त्यांच्या पूजेला ‘सांस्कृतिक’ म्हणून दूर ठेवले. अमेरिकेत एकाच विहाराच्या छताखाली स्थलांतरितांचा आणि गोऱ्या धर्मांतरितांचा असे दोन समुदाय एकमेकांना न भेटता वावरताना अभ्यासकांना दिसले आहेत. आपल्याकडे इगतपुरीहून परतलेला मध्यमवर्गीय साधक आपल्याच शहरातल्या विहाराची पायरी क्वचितच चढतो. तिथे जाण्यात त्याला ‘ध्यान’ दिसत नाही, जात दिसते. ती जात विहारात नसते. ती त्याने आपल्या डोळ्यांतून नेलेली असते.

तिसरा आक्षेप भाषेचा. काही म्हणतात, पाली कुणाला कळत नाही, सगळे मराठीत करा. काही म्हणतात, पाली हाच जगभरच्या बौद्धांना जोडणारा धागा, त्याला हात लावू नका. इथे ऑर्थोडॉक्स परंपरेचा अनुभव उपयोगी पडतो. 863 साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोराव्हियात गेले तेव्हा त्यांनी स्लाव लोकांच्या बोलीत विधी आणला, कारण न कळणारी प्रार्थना त्यांना अपुरी वाटत होती. हजार वर्षांनी तीच भाषा लोकांना कळेनाशी झाली आणि तिला हात लावणे अशक्य होऊन बसले. याउलट निकोलाय कासात्किन हे रशियन धर्मोपदेशक 1861 साली जपानमध्ये पोचले आणि त्यांनी आयुष्य जपानी भाषांतरात घातले. 1904 साली रशिया-जपान युद्ध पेटले तेव्हा त्यांनी आपल्या जपानी अनुयायांना जपानच्या विजयासाठी प्रार्थना करू दिली आणि स्वतः रशियन म्हणून सार्वजनिक उपासनेतून बाजूला राहिले. विधी देणाऱ्याने आपला वंश विधीत मिसळू दिला नाही, म्हणून युद्धातही ते चर्च टिकले. नागपुरात बाबासाहेबांनी हाच तोल साधला होता: शरणगमन पालीत, प्रतिज्ञा मराठीत. नोव्हेंबर 2019 मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत औरंगाबादेत आंतरराष्ट्रीय धम्म परिषद झाली, तेव्हा देशोदेशीच्या भिक्खूंना आणि इथल्या उपासकांना जोडणारी गोष्ट शरणगमनच होती. म्हणून ते पालीत राहू द्यावे. पण प्रत्येक वंदनेनंतर तिचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगितला जावा. ज्या गाथेचा अर्थ म्हणणाऱ्याला ठाऊक नाही, तिच्यामुळे शील अंगी बाणत नाही. ती आपण कोण आहोत याची खूण तेवढी उरते, आणि खुणेचे कुंपण व्हायला वेळ लागत नाही.

बाबासाहेबांच्या प्रतिमेबद्दलची कुजबूजही इथेच संपवली पाहिजे. बाहेरून येणारे अनेक जण म्हणतात, बुद्ध चालेल, शेजारची प्रतिमा कशाला? ज्या समाजाने या भूमीत लोप पावलेली वंदना परत आणली, त्याच्या मार्गदात्याची आठवण काढून टाका, असे पाहुण्याने सांगणे म्हणजे घर हवे आणि घर राखणारा नको, असे म्हणणे आहे. ग्रीक चर्चमध्ये येणाऱ्या अमेरिकन माणसाने ग्रीक संतांचे दिवस पाळले म्हणून तो ग्रीक होत नाही, त्याचप्रमाणे भीमस्मरणाने कुणाची जात बदलत नाही. ते कृतज्ञतेचे शील आहे, आणि ते पाळता न येणाऱ्याने आपल्या मनात नेमके काय अडते आहे ते तपासावे.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगणे आहे. विहार समित्यांनी आणि बौद्धाचार्यांनी रविवारची वंदना अशी ठेवावी की पहिल्यांदा आलेल्या माणसाला तिचा अर्थ कळेल आणि त्याचे आडनाव विचारले जाणार नाही. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला शेजारच्या वस्तीला नाव घेऊन बोलवावे, आणि दुसऱ्या जातीतून आलेल्या दीक्षिताला वर्षभरात वंदनेच्या आसनावर बसवावे. ध्यानशिबिरांतून परतणाऱ्या, धम्माबद्दल पुस्तके वाचणाऱ्या इतर मराठी वाचकांनी आपल्या शहरातला जवळचा विहार शोधावा, सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसावे, दोन्ही प्रतिमांना वंदन करावे आणि शिकवण्याआधी वर्षभर शिकावे. मुक्तीसाठी घेतलेल्या धर्माची जात होऊ द्यायची नसेल, तर हे दोन्हीकडून आणि एकाच वेळी करावे लागेल. एका बाजूने वाट पाहत बसण्यात साठ-सत्तर वर्षे आधीच गेली आहेत.